पाय हलला होता

परवा रविवारी नात आली होती. मीरा रोडला राहते, नववीत आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात आहे. आमच्या घराण्यात खेळाडू म्हणावं असं याआधी कोणी झालं नाही (धाकट्या भावाचं पत्ते खेळणं धरलं नाही तर), त्यामुळे तिचं आम्हाला फार कौतुक. एरवी राईत आली की आधी अंगणात एक चक्कर मारते, आजीकडे खायला काय आहे ते बघते आणि मग माझी चौकशी होते. परवा चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. सरळ माझ्यासमोर मोबाईल धरला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही रेफ्री होतात ना? मग हे बघा आणि सांगा."

आठ-दहा सेकंदांचा व्हिडिओ. कोणा मैत्रिणीच्या आईने काढलेला, त्यामुळे निम्मा वेळ पुढच्या माणसाचं डोकंच. पण जे बघायचं ते दिसत होतं. समोरच्या संघातली एक उंच मुलगी टप्पे देत वेगाने येते. आमची नात तिच्या वाटेत जाऊन उभी राहते, तोंड तिच्याकडे, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. ती मुलगी जरा डावीकडे वळते, ही मागे सरकते, एक पाऊल, फार तर दीड. मग ती मुलगी बास्केटसाठी उडी घेते आणि आमच्या नातीच्या छातीवर येऊन आदळते. दोघी खाली. शिट्टी. रेफ्री, तरुण मुलगा होता, दोन्ही हात कमरेवर ठेवतो.

हात कमरेवर म्हणजे ब्लॉक. फाउल अडवणारीचा. त्याने एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर मारली असती तर तो चार्ज, म्हणजे फाउल धडकणारीचा. धडक तीच, शिट्टी तीच, पडलेल्या दोघीही त्याच. हात कमरेवर गेले की मूठ तळव्यावर आपटली, एवढ्यावर एकीला फ्री थ्रो मिळतात किंवा दुसरीच्या संघाला चेंडू मिळतो. आणि ठरवायला वेळ किती, तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

मी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि अगदी सहज, विचार न करता, म्हणालो, "पाय हलला गं तुझा."

"हलला ना," ती म्हणाली. "पण मागे हलला. मागे हललेला चालतो, आजोबा."

मंडळी, हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. का, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. बास्केटबॉलशी माझा संबंध आला तो उंचीमुळे. आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले, तेव्हा हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "तुम्ही उंच आहात, बास्केटबॉलचं तुम्ही बघा." राईत आम्ही कबड्डी खेळत वाढलो. कबड्डीत अंगाला अंग लागलं की खेळ सुरू होतो आणि बास्केटबॉलमध्ये लागलं की खेळ थांबतो, एवढा साधा फरक समजायला मला एक हंगाम लागला. एका सहकाऱ्याबरोबर मुद्दाम नागपाड्याला मस्तान तलावाजवळ सामने बघायला गेलो होतो. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. त्या मोहल्ल्यातली पोरंसोरं ज्या सफाईने चेंडू खेळवत होती ते बघून मी शाळेत परत आलो तो जरा खजील होऊनच. पण शिट्टी गळ्यात पडली होती. ती पुढे बरीच वर्षं राहिली.

या खेळाचा जन्मही एका मास्तरच्याच हातून झाला. १८९१ सालचा हिवाळा, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव, आणि थंडीमुळे छपराखाली कोंडलेल्या दांडगट विद्यार्थ्यांना काहीतरी खेळ द्या म्हणून वरून आलेला हुकूम. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्या नियमांत चेंडू घेऊन पळायला बंदी होती. जिथे पकडाल तिथूनच फेकायचा. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाडणं तर मुळीच चालणार नव्हतं. गृहस्थाला मारामाऱ्या नको होत्या, हे कुठल्याही वर्गशिक्षकाला पटेल. पण पुढे टप्पे देत पळणं आलं, पळणारा आला म्हणजे त्याच्या आडवा येणारा आला, आणि मग दोघे एकमेकांवर आदळले की चूक कोणाची, हा प्रश्न कायमचा राहिला. या खेळातला सगळ्यात अवघड निर्णय हाच, असं पंच मंडळी आजही म्हणतात. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही ते डोळ्यांना दिसतं. इथे धडक दिसते, पण निकाल धडकेच्या आधी काय घडलं त्यावर असतो.

आता १९८६ ची गोष्ट. माझ्या नातेवाइकांपैकी निम्म्या लोकांनी ती माझ्या तोंडून ऐकलेली आहे; काहींनी दोन-तीनदा. लग्नाच्या पंगतीत, सत्यनारायणाला, एकदा तर बारशाला. माझ्या निवृत्तीच्या समारंभातही ती झालीच. तरी पुन्हा सांगतो, कारण आजवर सांगितली ती नीट सांगितली नव्हती.

शालेय स्पर्धा, मुलींचा अंतिम सामना. आमची शाळा विरुद्ध दुसरी एक शाळा. मातीचं मैदान, फक्कीच्या रेषा, आणि वारा सुटला की रेषा पुसट व्हायच्या. ठरलेल्या दोन पंचांपैकी एक आलेच नाहीत. नियम माहीत असलेला माणूस तिथे मी एकटाच उरलो. पण मी तर एका संघाचाच शिक्षक! समोरच्या शाळेच्या सरांना विचारलं. ते मोठ्या मनाने म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे. हरकत नाही." आणि स्कोअररच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभे राहिले ते सामना संपेपर्यंत तसेच.

आमच्या संघात सात नंबरची एक मुलगी होती. (तेव्हा नंबर चारपासून पंधरापर्यंतच असत.) उंची बेताची. बूट कोणाचे तरी मागून आणलेले, मापाला मोठे, पुढे कापूस कोंबलेला. बास्केट तिने फारशा केल्या नाहीत, पण समोरच्याची वाट ओळखून तिथे आधीच जाऊन उभं राहण्याची तिला एक उपजत समज होती. मी ती शिकवलेली नव्हती. मला येतच नव्हती तर शिकवणार काय.

शेवटचं मिनिट. आम्ही २१, ते २०. सात नंबरचे चार फाउल झालेले. पाचवा झाला की बाहेर. त्यांची सगळ्यात चांगली खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाली. सात नंबर वाटेत जाऊन उभी राहिली. ती मुलगी वळली, ही सरकली, तिने उडी घेतली, धडक बसली, मग चेंडू तिच्या हातून सुटला आणि फळीला लागून आत गेला. दोघी मातीत. मी शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

बास्केट धरली, वर एक फ्री थ्रो, तोही गेला. २३-२१. मी चार्ज दिला असता तर बास्केट रद्द होऊन चेंडू आमच्याकडे आला असता. सात नंबर कोपराला लागलेली माती तशीच घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. "सर, मी उभी होते," एवढंच म्हणाली.

"पाय हलला होता तुझा," मी म्हणालो. "जा, बाहेर बस."

सामन्यानंतर त्या दुसऱ्या सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. असा पंच आपण पाहिला नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सांगितलं की आपण ढाल हरलो, पण आपल्या सरांनी न्याय राखला. मी त्या दिवशी खाली मान घालून उभा होतो, विनयाने. आणि ती मुलगी नववीच्या रांगेत उभी होती.

तर ही ती गोष्ट. पाय हलला होता, म्हणून ब्लॉक; आपल्याच शाळेची मुलगी असली तरी ब्लॉक. मी ती आजवर अशीच सांगत आलो.

परवा नातीने मोबाईलवर नियमांचं पुस्तक उघडलं. फिबा म्हणजे या खेळाची जागतिक संघटना, तिचं. कलम ३३. आमचं बी. ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे मी शब्दकोश घेऊन बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून ते ओळ न् ओळ वाचलं. दुपारचं जेवण त्यात थंड झालं.

त्यात पहिली कल्पना अशी, की प्रत्येक खेळाडू एका अदृश्य नळकांड्यात उभा असतो. पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हातापायांच्या कडांपर्यंत. मी नातीला म्हटलं, ही तर आपली भाताची कणगी! त्या कणगीत तो जितका उंच उडी मारेल तितकी वरची हवाही त्याचीच. तिथे जो आत घुसेल, चूक त्याची. मात्र हातपाय फाकवून आडवे घातले तर ती जागा आपली होत नाही. भाईंदर लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, ते इथे चालत नाही. धड तिथे हवं.

मग येतो अडवणाऱ्याचा हक्क. त्याने समोरच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की जागा कायदेशीर झाली. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला अडवताना अंतर किती, वेळ किती, याचा हिशेब नाही. अगदी तोंडासमोर जाऊन उभं राहिलं तरी चालतं. चेंडू नसलेल्याला मात्र थांबायला किंवा वळायला जागा द्यावी लागते. आणि धावणाऱ्याने एकदा जमीन सोडली की त्याच्या खाली सरकायचं नाही. जो हवेत आहे त्याला उतरायची जागा मिळालीच पाहिजे. बास्केटखाली सव्वा मीटर त्रिज्येचं एक अर्धवर्तुळ असतं, तिथे उभं राहून चार्ज कमवता येत नाही. ते फिबाने २०१० साली आणलं. माझ्या वेळी नव्हतं, आणि नातीच्या व्हिडिओत ती त्याच्या चांगली बाहेर होती.

आणि मग ती ओळ. कायदेशीर जागा घेतल्यावर ती राखण्यासाठी अडवणारा बाजूला सरकू शकतो, मागे सरकू शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. धडक छातीवर बसली असेल तर तो तिथे आधी पोहोचला होता असं मानायचं. कुठेही असं म्हटलेलं नाही की त्याने खांबासारखं थिजून उभं राहिलं पाहिजे.

कुठेही म्हणजे कुठेही नाही. मी तीनदा वाचलं.

मग हे मी कुठून आणलं होतं? नात म्हणाली, सगळ्यांनाच असं वाटतं आजोबा, प्रेक्षक तर कायम ओरडतात, हलली, हलली! नातीचं मन मोठं आहे. पण मी प्रेक्षक नव्हतो. तिच्या प्रशिक्षकांनी म्हणे पंचांबद्दल एक गोष्ट सांगितली आहे: चांगला पंच चेंडूकडे बघत नाही, अडवणाऱ्याकडे बघतो. चेंडूवाला तर दिसतोच, तो पळतो, उडतो, सगळं मैदान त्याच्याकडे बघत असतं. जो नुसता उभा आहे त्याच्याकडे ठरवून बघावं लागतं, आणि तेही धडकेच्या आधीपासून.

त्या रात्री झोप लागेना. बाहेर उत्तनला जाणारी शेवटची बस गेली, कुत्री भुंकून थकली. मी तो सात नंबरचा पाय डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होतो. आणि पाय येईना. मातीने भरलेलं कोपर आठवतं, बुटातून बाहेर आलेला कापूस आठवतो, "मी उभी होते" आठवतं. पाय नाही. तो मी पाहिला होता की शिट्टी वाजवल्यावर मनात काढला होता? आठवला कोण, तर टेबलाशी हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. "तुमच्यावर विश्वास आहे" म्हणालेला.

नियम चुकीचा माहीत होता, एवढंच असतं तर मी आज लिहिलं नसतं. अज्ञान काय, कोणालाही असतं. पण मुलगी आमच्या शाळेची नसती तर मी काय दिलं असतं, हा प्रश्न मी जवळजवळ चाळीस वर्षं स्वतःला विचारला नाही. विचारला असता तर ती गोष्ट पंगतीत सांगता आली नसती.

आधी तिथे कोण होतं, हा प्रश्न तसा आम्हा राईकरांना परका नाही. मेट्रो ९ ची कारशेड राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या जमिनीवर यायची होती. घरं आणि शेतं जातील म्हणून गावांनी विरोध केला आणि पुढे ती डोंगरीकडे हलवण्यात आली. त्या दिवसांत सभेला मीही गेलो होतो. आम्ही इथे आधीपासून उभे आहोत, असं घसा ताणून बोललो होतो. टाळ्याही पडल्या. असो. विषय निघाला म्हणून सांगितलं.

नातीने जाता जाता आणखी एक माहिती दिली. अमेरिकेतल्या एनबीए स्पर्धेत २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांचा एक अहवाल निघतो. शेवटच्या दोन मिनिटांतले पंचांचे निर्णय बरोबर होते की चूक, ते दुसऱ्या दिवशी जाहीर करतात. आणि निकाल बदलतो? मी विचारलं. "नाही हो. पण लिहिलेलं राहतं."

ती सात नंबर मला अनोळखी झालेली नाही. लग्न होऊन ती मुर्ध्याला आली, म्हणजे आमच्या शेजारच्याच गावात. आता पंचावन्नच्या आसपास असेल, तिला स्वतःला नातू आहे. तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेते. बसस्टॉपवर भेटली की वाकून नमस्कार करते, मी "सुखी राहा" म्हणतो, आणि इतक्या वर्षांत त्या सामन्याचा विषय ना तिने काढला ना मी. माझी गोष्ट पंगतीत रंगत असताना ती कधी समोर नव्हती, हे मात्र खरं.

सोमवारी सकाळी मुर्ध्याला चालत गेलो. ती चुलीपुढे होती, परात समोर, हाताला पीठ. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं, बस गं, तुझं चालू दे. पाटावर बसलो आणि सांगून टाकलं. नियम काय आहे, कलम कोणतं, मागे सरकलेला पाय चालतो, चार्ज द्यायला हवा होता, बास्केट रद्द व्हायला हवी होती. वर्गात धडा समजावून सांगावा तसं सगळं सांगितलं. माझं मलाच ते विचित्र वाटत होतं, पण दुसऱ्या कशा तऱ्हेने सांगायचं ते सुचेना.

ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबल्या.

"पाय हलला होता, सर," ती म्हणाली. "मागे घेतला होता मी. नाहीतर तिचा गुडघा लागला असता." मग दुसरा गोळा हातात घेतला. "पण तुम्ही कुठे बघत होता? शिट्टी फुंकायच्या आधी तुम्ही त्यांच्या सरांकडे बघितलंत."

रागाने नाही म्हणाली. आज बस उशिरा आली म्हणून सांगावं तशी म्हणाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

भाकरी फुगली. ती काढून तिने टोपलीत टाकली आणि विचारलं, "नातीचा तो कितवा फाउल होता?"

"तिसरा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "खेळली असेल पुढे." आणि चार भाकऱ्या कागदात बांधून माझ्या हातात दिल्या. पैसे घेईना. मी परातीशेजारी ठेवले, तेव्हा पीठ लागू नये म्हणून कोपराने जरा बाजूला सारले.